चाचणी तालुक्यात, निष्कर्ष कुणाच्या कामाला?

बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. भगवंताच्या देवळासाठी आणि तूरडाळीच्या बाजारपेठेसाठी ते सगळ्यांना ठाऊक. कर्करोगतज्ज्ञांच्या जगात मात्र या गावाची ओळख वेगळी आहे. २ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नामांकित नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. त्यातलं बरंचसं काम बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या माणसांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत फिरून केलं होतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कोणती तपासणी करावी, याविषयी जगभर जे निर्णय झाले, त्यांत या निबंधाचा आधार वारंवार घेतला गेला.

कर्करोगाची क्लिनिकल ट्रायल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परळचं टाटा रुग्णालय येतं, नाहीतर एखाद्या औषध कंपनीचं पंचतारांकित रुग्णालयातलं संशोधन केंद्र. रुग्ण मात्र सगळीकडे पसरलेले आहेत. ‘ग्लोबोकॅन’ या जागतिक कर्करोग आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षात भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक माणसं दगावली. यातले बहुतेक जण परळला पोचत नाहीत. ते मिरजेत, कोल्हापुरात, लातुरात, नाशकात, छत्रपती संभाजीनगरात उपचार घेतात, किंवा घेतच नाहीत. मग नवे उपचार तपासून पाहायचे ते कुणावर आणि कुठे? मोठ्या शहरातल्या धडधाकट, पैसेवाल्या, वेळेवर येणाऱ्या रुग्णांवर तपासलेलं औषध धाराशिवमधल्या भूम-परंड्याच्या रुग्णाला तसंच लागू पडेल का? आणि छोट्या गावातल्या रुग्णालयाने चाचण्या घ्यायला सुरुवात केली, तर तिथल्या गरीब माणसाचा फायदा होईल की वापर? या लेखात या तिन्ही प्रश्नांचा धांडोळा घ्यायचा आहे.

चाचणी म्हणजे नेमकं काय

औषधाच्या चाचणीचे ढोबळमानाने तीन टप्पे असतात. पहिल्यात औषध किती मात्रेपर्यंत सोसतं ते पाहतात, दुसऱ्यात ते रोगावर काही काम करतं का ते, आणि तिसऱ्यात ते चालू उपचारापेक्षा सरस आहे का ते. या तिसऱ्या टप्प्यात रुग्णांचे दोन गट होतात आणि कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं, हल्ली संगणकावर, ठरतं. डॉक्टरला निवड करू दिली तर तो नकळत बऱ्या प्रकृतीचा रुग्ण नव्या औषधाला देईल आणि निकाल फसवा निघेल, म्हणून ही खबरदारी.

दुसऱ्या गटाला नुसती साखरेची गोळी देऊन वाऱ्यावर सोडतात, असा एक समज आहे. कर्करोगाच्या उपचारांत तसं सहसा होत नाही. दुसऱ्या गटाला त्या वेळी प्रचलित असलेला उपचार मिळतो. अपवाद आहेत, आणि त्यातला एक मोठा अपवाद धाराशिवच्या अभ्यासातच आहे. त्याकडे पुढे येऊच.

पहिल्या टप्प्याची चाचणी तालुक्याच्या रुग्णालयाचं काम नाही. त्याला अतिदक्षता विभाग, चोवीस तास प्रयोगशाळा आणि अनुभवी पथक लागतं. तिसऱ्या टप्प्याच्या आणि लोकसंख्येवर करायच्या चाचण्यांना मात्र लहान रुग्णालयाची गरज असते, कारण खरा रुग्ण तिथे असतो.

आधी नोंदवही, मग चाचणी

बार्शीत चाचणी १९९९ मध्ये सुरू झाली, पण तिचा पाया बारा वर्षं आधी घातला गेला होता. १९८७ मध्ये तिथे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम हे तीन तालुके, ३४६ गावं. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर भागते. खेड्यात ते जमत नाही, कारण कित्येक रुग्ण रुग्णालयाचं तोंडही पाहत नाहीत आणि मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून ‘म्हातारपण’ किंवा ‘ताप’ लिहिलेलं असतं. म्हणून डॉ. बी. एम. नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसंच गावोगाव पाठवली. गावातल्या चार जाणत्या लोकांना विचारायचं, कुणाला बरी न होणारी जखम आहे का, कुणा बाईला पाळी गेल्यावर रक्त जातं का. लक्षणं सांगायची आणि संशयित रुग्णाला बार्शीला आणायचं. या फिरस्तीचा एक परिणाम असा झाला की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. कोणतंही यंत्र न आणता नुसत्या बोलण्याने झालेला हा फरक १९९५ मध्ये शोधनिबंधाच्या रूपाने छापला गेला.

चाचणीत शेवटी मोजायचे असतात ते मृत्यू. ज्या जिल्ह्यात कोण कशाने गेलं हेच कळत नाही, तिथे कोणत्या तपासणीने जीव वाचला हे सांगता येणार नाही. बार्शीला मृत्यू मोजण्याची सवय होती, म्हणून जगाला ज्याचं उत्तर हवं होतं तो प्रश्न तिथे विचारता आला.

सव्वा लाखांवर बायका, चार गट

प्रश्न असा होता. तिशी ते साठीच्या दरम्यानच्या बाईची आयुष्यात एकदाच गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करता येणार असेल, तर कोणती करावी? उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ५२ ग्रामसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका या अभ्यासात आल्या. ग्रामसमूहांची चार गटांत विभागणी झाली. एका गटात हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशी काचपट्टीवर घेऊन पाहायची पॅप स्मिअर, तिसऱ्यात ‘व्हिया’ आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा, म्हणजे माहिती दिली पण तपासणी केली नाही.

व्हिया ही तपासणी जवळून पाहण्यासारखी आहे. परिचारिका स्पेक्युलम लावून गर्भाशयमुखावर अ‍ॅसेटिक आम्लाचं सौम्य द्रावण लावते, साधारण व्हिनेगरच्या ताकदीचं. मग एक मिनिट थांबते. जिथल्या पेशींत बिघाड झालेला असतो तो भाग पांढरा पडतो. चांगला दिवा हवा, शिकलेली नजर हवी, बाकी काही लागत नाही. निकाल जागच्या जागी मिळतो, त्यामुळे बाईला दुसरी खेप पडत नाही. पॅप स्मिअरच्या काचपट्टीला प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो. एचपीव्ही तपासणी महाग, पण तिच्यात नजरेचा भाग नाही. नमुना यंत्रात जातो आणि विषाणू आहे की नाही ते कळतं.

तिन्ही गटांत सुमारे ८० टक्के बायका तपासणीला आल्या. शहरातल्या शिबिरांनाही हेवा वाटावा असा हा आकडा आहे. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर हिशेब मांडला तेव्हा एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. गटांचे आकार जुळवून घेतले तरी मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यावर आला होता. पसरलेल्या अवस्थेतले कर्करोगही निम्म्याहून कमी झाले. पॅप गटात ५४ आणि व्हिया गटात ५६ मृत्यू, म्हणजे चौथ्या गटाच्या तुलनेत खात्रीने सांगावा असा फरक नाही. एचपीव्ही तपासणीत जिला विषाणू नाही असं निघालं, तिला पुढच्या काळात हा कर्करोग होण्याचं प्रमाण वर्षाला दर लाखात चारापेक्षा कमी होतं. पॅप किंवा व्हियात ‘ठीक’ ठरलेल्या बायकांत ते सोळाच्या आसपास होतं. एकदाच तपासणी करायची तर विषाणूची करा, असं उत्तर मिळालं.

या उत्तराला मुंबईचा एक शेजार आहे. टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत जवळपास दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तिथे प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हिया केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यातही व्हियाने मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००७ मध्ये दिसलं होतं. म्हणजे व्हिया टाकाऊ नाही. सराईत हातांनी, वारंवार केली तर ती काम करते. एकदाच संधी मिळणार असेल तर तिच्यावर विसंबता येत नाही. असा बारकावा एका चाचणीतून कधीच कळत नाही. वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या पद्धतीने झालेल्या चाचण्या एकमेकींशेजारी ठेवल्यावरच तो दिसतो.

चौथ्या गटाचा प्रश्न

तपासणी न झालेल्या गटातल्या त्या ६४ मृत्यूंवरून मोठा वाद झाला. एरिक सुबा या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने आक्षेप घेतला की नियमित तपासणीने मृत्यू कमी होतात हे पाश्चात्त्य देशांत कित्येक दशकं आधीच कळलेलं होतं. मग भारतातल्या गरीब बायकांचा एक गट तपासणीविना ठेवून त्यांतले मृत्यू मोजायची काय गरज होती? ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये यावर बरीच साधकबाधक चर्चा झाली. हा अभ्यास गेट्स फाउंडेशनच्या पैशांतून आणि ल्यों इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या सहभागाने झाला होता. बाहेरून पैसा आणि इथे जोखीम, असा त्या वादाचा सूर होता.

संशोधकांची बाजू अशी की त्या जिल्ह्यात त्या वेळी कुणाचीच तपासणी होत नव्हती. चौथ्या गटाच्या वाट्याचं काही हिरावून घेतलं नाही. उलट त्याला माहिती आणि उपचारांची वाट मिळाली. पाश्चात्त्य देशांतली दर तीन वर्षांची पॅप तपासणी इथे चालणार नाही हे दिसतच होतं, म्हणून इथे काय चालेल हे शोधायचं होतं.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि दोन्हींत एक पळवाटही आहे. ‘इथे काहीच नव्हतं’ हे चाचणीचं समर्थन होऊ शकतं, पण ते काहीच नसणं हा निसर्गाचा कोप नव्हता. तो सरकारी दुर्लक्षाचा परिणाम होता. त्या दुर्लक्षाला तुलनेचा मापदंड म्हणून वापरायचं असेल, तर चाचणी संपल्यावर ते चालू राहू नये याची जबाबदारी संशोधकांवरही येते आणि सरकारवरही. जागतिक वैद्यक संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात चाचणीनंतर सहभागींना काय मिळेल हे आधीच ठरवायला सांगितलेलं आहे. आपल्याकडे या अटीची पूर्तता बहुतेक वेळा कागदावर होते.

मोडलेल्या चाचणीचं फळ

बार्शीचं नाव आणखी एका चाचणीत आहे, आणि तिची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. २००९ मध्ये देशातल्या नऊ ठिकाणी एचपीव्ही लशीची चाचणी सुरू झाली. बार्शी, मुंबई आणि पुणे ही त्यातली महाराष्ट्रातली ठिकाणं. दहा ते अठरा वर्षांच्या अविवाहित मुलींना तीन डोस द्यावेत की दोन पुरतील, हा प्रश्न. वीस हजार मुली घ्यायच्या होत्या.

त्याच सुमाराला तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्ही लशींचाच एक वेगळा प्रकल्प चालू होता. तिथे सात मुली दगावल्याचं उघड झालं आणि देशभर गदारोळ उठला. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही. पण दुसरीच गंभीर बाब पुढे आली. वसतिगृहातल्या मुलींच्या पालकांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये या प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले. त्याआधीच, एप्रिल २०१० मध्ये, सरकारने एचपीव्ही लशीचे सगळे अभ्यास थांबवले होते. बार्शीसह नऊ ठिकाणच्या चाचणीतलं लसीकरणही त्यात बंद झालं.

तोवर १७,७२९ मुलींना किमान एक डोस मिळाला होता. त्यातल्या ४,९४९ जणींचा पहिल्या डोसनंतरचा डोस राहूनच गेला. चिठ्ठ्या टाकून पाडलेले गट मोडले होते, चाचणी म्हणून ती फसली होती. संशोधकांनी हात झटकले नाहीत. त्या मुलींचा, पुढे त्या बायका झाल्या तरी, दहा वर्षांच्या आसपास पाठपुरावा केला. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निष्कर्ष आले. एचपीव्हीच्या सोळा आणि अठरा क्रमांकाच्या प्रकारांच्या चिवट संसर्गाविरुद्ध एका डोसची परिणामकारकता ९५ टक्क्यांच्या वर होती, तर दोन आणि तीन डोसांची ९३ टक्क्यांच्या आसपास. ही तुलना योजून केलेली नव्हती, त्यामुळे एकट्या तिच्यावर विसंबणं धोक्याचं होतं. पण केनियात नीट चिठ्ठ्या टाकून झालेल्या चाचणीतही एका डोसचा तसाच परिणाम दिसला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल अशी मुभा दिली. लशीचा खर्च आणि खटाटोप दोन्ही त्याने खूप कमी होतात.

या कहाणीतून दोन्ही पक्षांनी घ्यावं असं काही आहे. संमतीत ढिलाई केली की एका ठिकाणच्या चुकीची शिक्षा नऊ ठिकाणच्या प्रामाणिक कामाला होते. आणि पाठपुरावा चिकाटीने केला तर मोडलेल्या चाचणीतूनही काही हाती लागतं. शहरात पत्ते बदलतात, फोन बदलतात. तालुक्याच्या गावात सासरी गेलेली मुलगीही आशाताईला सापडते. लहान रुग्णालयाची ही ताकद मोठ्या रुग्णालयाला पैसे टाकून विकत घेता येत नाही.

‘किती कमी पुरेल?’

औषधांच्या चाचण्यांकडे वळलं तर एक गोष्ट ठळक दिसते. कंपनी विचारते, ‘आमचं नवं औषध जास्त चांगलं आहे का?’ आपल्याकडच्या डॉक्टरांनी स्वतःहून हाती घेतलेल्या कित्येक चाचण्या विचारतात, ‘स्वस्तात, थोडक्यात भागेल का?’ हा प्रश्न विचारण्यात कुठल्याच कंपनीला रस नसतो.

टाटा रुग्णालयातल्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन पाहिलं. हे दाताच्या डॉक्टरकडे मिळतं तेच भुलीचं औषध. देशातल्या ११ केंद्रांवर सुमारे १,६०० बायकांवर ही चाचणी झाली. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेलं. खर्च शंभर रुपयांच्या आत. जिथे शस्त्रक्रिया होते त्या कुठल्याही रुग्णालयात हे करता येतं.

डोकं आणि मान या भागांचा कर्करोग म्हणजे आपल्याकडे प्रामुख्याने तंबाखू आणि गुटख्याची देणगी. त्यावरचं निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध पूर्ण मात्रेत घ्यायचं तर लाखांत खर्च येतो. टाटाच्या डॉक्टरांनी नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम, तेही तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिलं. १५१ रुग्णांच्या या चाचणीत एका वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. नुसत्या तशाच गोळ्या आणि सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचं सलाईन यांची तुलना त्याआधी ४२२ रुग्णांत झाली होती. गोळ्यांवरचे निम्मे रुग्ण साडेसात महिन्यांहून अधिक जगले, सलाईनवरचे निम्मे सहा महिन्यांहून अधिक. फरक दीड महिन्याचा, पण तो घरी राहून मिळालेला आणि किंमत फारच कमी. ज्याला दर खेपेला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी दोन्ही मोजावी लागतात, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

काय करू नये हे सांगणाऱ्या चाचण्याही तितक्याच मोलाच्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आधी केमो देऊन गाठ लहान करायची आणि मग शस्त्रक्रिया करायची, अशी एक पद्धत होती. टाटातल्या ६३५ रुग्णांच्या चाचणीत केमो-रेडिएशनचा उपचार तिच्यापेक्षा सरस ठरला. अशा निकालांमुळे अनेक बायकांची मोठी शस्त्रक्रिया टळू शकते.

या बहुतेक चाचण्यांचं केंद्र अजूनही मुंबईच आहे. २०१२ मध्ये टाटाच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली आणि तिच्यात आता तीनशेहून अधिक संस्था आहेत. उपचारांची समान पद्धत ठरवणं, औषधं एकत्र खरेदी करणं ही कामं ती करते. तरुण डॉक्टरांना चाचणीचा आराखडा कसा आखायचा हे शिकवणाऱ्या कार्यशाळाही तिच्या आधाराने होतात. जिल्ह्यातल्या रुग्णालयांना चाचण्यांत ओढून आणायचं तर रस्ता याच ग्रिडमधून जातो.

संमतीची खोली

आता तालुक्याच्या रुग्णालयात चाचणीची सुरुवात कशी होते ते पाहू. समजा, पंचावन्न वर्षांची एक बाई मुलासोबत आली आहे. हातात केस पेपर, प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने रिपोर्ट. डॉक्टर सांगतात, ‘मावशी, तुमच्या आजारावर एक उपचार चालू आहे, आणि एक नवीन पद्धत आहे. दोन्हींत चांगली कुठली हे अजून आम्हालाच नक्की माहीत नाही. म्हणून संगणक ठरवेल तुम्हाला कुठली द्यायची.’

मावशी मुलाकडे बघते. मुलगा म्हणतो, ‘साहेब, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.’

सगळी अडचण या एका वाक्यात आहे. हे वाक्य म्हणजे संमती नव्हे. तो भरवसा आहे. डॉक्टरला ‘मला माहीत नाही’ असं म्हणताना संकोच वाटतो, आणि रुग्णाला ‘माहीत नाही’ म्हणणारा डॉक्टर कच्चा वाटतो. माहितीपत्रक पंधरा-वीस पानांचं असतं आणि त्याचं मराठी भाषांतर पुष्कळदा असं की ते वाचून डॉक्टरच गोंधळावा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तटस्थ साक्षीदार लागतो. तो रुग्णालयाचा शिपाई असून चालत नाही. नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल गटातल्या सहभागींच्या संमतीचं ध्वनिचित्रमुद्रणही करावं लागतं.

अशा वेळी समन्वयक सिस्टरच उपयोगी पडते. ती मावशीला बाजूला घेऊन विचारते, ‘तुम्ही नाही म्हणालात तर डॉक्टर रागावतील असं वाटतं का?’ मावशी हसते, म्हणजे वाटतं. मग सिस्टर सांगते की नाही म्हटलं तरी सरकारी योजनेतून मिळणारा उपचार बंद होणार नाही, मधूनच सोडलं तरी चालेल, आणि घरी जाऊन विचार करून परवा सांगितलं तरी चालेल. हे ‘परवा’ महत्त्वाचं. त्याच दिवशी सही घेण्याची घाई जिथे होते, तिथली संमती तपासून घ्यावी.

कायदा काय म्हणतो

२००० नंतरच्या दशकात भारतात औषध कंपन्यांच्या चाचण्या झपाट्याने वाढल्या आणि तक्रारीही वाढल्या. स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सरकारला धारेवर धरलं. चाचणीला परवानगी देताना तीन गोष्टी तपासा, असं न्यायालयाने सांगितलं: धोका आणि लाभ यांचं प्रमाण, आधीच्या उपचारापेक्षा यात नवं काय, आणि देशात त्याची गरज आहे का. २०१९ मध्ये नव्या औषधांच्या आणि क्लिनिकल ट्रायलच्या नियमांत बऱ्याच गोष्टी एका जागी आल्या. गंभीर दुष्परिणाम झाला तर चोवीस तासांत कळवायचं. चाचणीमुळे इजा किंवा मृत्यू झाला तर भरपाई द्यायची. प्रत्येक चाचणी सुरू होण्यापूर्वी राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवायची, ही अट २००९ पासूनच आहे.

लहान रुग्णालयाच्या दृष्टीने सर्वांत कळीची अट एथिक्स कमिटीची आहे. किमान सात सदस्य, त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे, एक कायदा जाणणारा, एक सामान्य नागरिक, किमान एक स्त्री. स्वतःची समिती नसेल तर त्याच शहरातल्या किंवा ५० किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या समितीची मंजुरी चालते. पुण्या-मुंबईत हे सोपं आहे. मराठवाड्यात किंवा गडचिरोलीत पन्नास किलोमीटरच्या आत सात निष्पक्ष आणि अभ्यासू माणसं नियमित भेटणं, हीच एक मोठी कसरत आहे. समिती नावापुरती असली की तिच्यातले स्थानिक प्रतिष्ठित चहा पिऊन सही करतात. आणि समिती नीट असेल तर ती चाचणीचा प्रश्नच बदलायला लावते.

अडचण पैशांपेक्षा माणसांची

चाचणी म्हणजे औषध देणं कमी आणि लिहिणं जास्त. प्रत्येक भेटीत वजन, रक्ताचे अहवाल, दुष्परिणाम, गोळ्या किती घेतल्या, किती उरल्या, हे सगळं मूळ कागदावर आणि मग संगणकावर. औषधाच्या फ्रिजचं तापमान रोज दोनदा नोंदवायचं. लोडशेडिंग झालं तर त्याचाही खुलासा लिहायचा. ओपीडीत दिवसाला शंभर रुग्ण पाहणारा एकटा कर्करोगतज्ज्ञ हे करू शकत नाही. त्याला समन्वयक, डेटा एन्ट्रीचं माणूस आणि अहवाल नेमका लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो. चाचणीचा निधी संपला की समन्वयकाची नोकरी संपते, आणि तिने कमावलेला अनुभव पुण्याच्या एखाद्या कंपनीत निघून जातो.

त्यात इथलं वेळापत्रक वेगळं. दिवाळीच्या आगेमागे बीड-धाराशिवकडची ऊसतोड मजुरांची कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. दर तीन आठवड्यांनी रुग्णालयात यायची अट त्यांच्यासाठी निरर्थक आहे. चाचणीचा आराखडा मुंबईत बसून आखला तर असे रुग्ण ‘पाठपुराव्यातून निसटलेले’ म्हणून गणले जातात. आराखडा आखतानाच साखर कारखान्याजवळच्या एखाद्या रुग्णालयात तपासणीची सोय केली, तर ते निसटत नाहीत.

अमेरिकेने हा प्रश्न संस्थेच्या पातळीवर सोडवायचा प्रयत्न केला. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९८३ मध्येच गावोगावच्या रुग्णालयांना चाचण्यांशी जोडणारा कार्यक्रम सुरू केला. २०१४ मध्ये त्याला नवं रूप मिळालं. त्यात रुग्णालयांच्या संशोधन कर्मचाऱ्यांसाठी सलग निधी असतो, एका चाचणीपुरता नव्हे. तिथेही कर्करोग झालेल्या प्रौढांपैकी थोडेच चाचणीत येतात. पण कर्मचारी टिकतात आणि एका चाचणीतून शिकलेलं पुढच्या चाचणीला उपयोगी पडतं. आपल्याकडे टिकाऊ निधीची ही कल्पना अजून रुजायची आहे.

निष्कर्ष परत कधी येतो?

आता मूळ प्रश्नाकडे. तालुक्याच्या रुग्णालयाने चाचण्या घ्याव्यात का? माझं उत्तर हो असं आहे. तंबाखूचे, गर्भाशयमुखाचे, उशिरा येणाऱ्या गरिबांचे कर्करोग तिथे आहेत, आणि त्यांना झेपणारं उत्तर तिथेच शोधावं लागेल. बार्शीने ते करून दाखवलं आहे.

या उत्तराला एक अट मात्र जोडायला हवी. धाराशिवच्या बायकांनी २००९ मध्ये जगाला सांगितलं की एचपीव्ही तपासणीने मृत्यू निम्म्यावर येऊ शकतात. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत व्हिया स्वीकारली गेली. ती स्वस्त म्हणून समजण्यासारखं आहे. पण तीही प्रत्यक्षात शंभरात दोघींपर्यंतच पोचली. महागडी विषाणू तपासणी परदेशातून आणावी लागते ही सबबही आता लंगडी पडते आहे. गोव्याच्या मोलबायो आणि पुण्याच्या मायलॅब या कंपन्यांनी एचपीव्हीच्या देशी तपासण्या तयार केल्या आहेत.

म्हणून एथिक्स कमिटीपुढे येणाऱ्या प्रत्येक अर्जात एक रकाना वाढवावा. चाचणीचा निकाल चांगला आला, तर हा उपचार याच तालुक्यात कोण देणार, कोणत्या निधीतून आणि किती वर्षांत? जीवनदायी म्हणून सुरू झालेल्या आणि आता महात्मा फुलेंच्या नावाने चालणाऱ्या राज्याच्या आरोग्य योजनेत तो बसवायचा असेल, तर त्या योजनेच्या अधिकाऱ्याची चाचणी सुरू होण्यापूर्वीच लेखी हमी जोडलेली असावी. निकाल लागल्यावर दोन वर्षांनी समितीने पुन्हा बसून तो रकाना तपासावा आणि जे झालं ते जाहीर करावं. ज्या अर्जात हा रकाना कोरा असेल, तो अर्ज परत पाठवायचा अधिकार समितीला आजही आहे. तो वापरायला नव्या कायद्याची गरज नाही.